चिंचेखालची जागा

मगदूममामा एसटीतून उतरले आणि सवयीनं चिंचेखाली जाऊन बसले. घाटावरच्या कॉलेजच्या मैदानात पाहुण्या संघाचे पाठीराखे तिथंच बसायचे. तीस वर्षं कबड्डीच्या सामन्याला येऊन मामांनी इथूनच घाटावरच्यांना चिडवलं होतं.

यंदा विद्यापीठानं स्पर्धेत नवी कॉलेजं घेतली, विभाग वाढवले आणि घाटावरच्यांना दुसऱ्या विभागात टाकलं. मामांच्या कॉलेजशी त्यांचा सामनाच उरला नाही. मग ही माणसं आता भांडतात तरी कुणाशी, हा किडा मामांच्या डोक्यात वळवळत होता. म्हणून आज ते एकटेच आले होते.

घाटावरचा उंच पोरगा चढाईला निघाला, तशी मामांच्या शेजारची, नव्या पाहुण्या कॉलेजची मंडळी ओरडली, "ए शिडी, खाली बघ!"

गेल्या वर्षी मामाच त्याला बांबू म्हणाले होते. तरी आज त्यांच्या कपाळाला आठी पडली. ते उठले आणि मैदानाला वळसा घालून घाटावरच्यांत गेले.

"इकडं कसं काय मामा?" त्यांचे जुने वैरी चौगुले सर हसले. "तुमची जागा चिंचेखाली."

"सरका जरा," मामा म्हणाले. "तुमच्या पोराला नावं ठेवायची तर आम्ही ठेवू. हे कोण कालचे आलेले?"