ऑर्डवेचा खांदा

आम्हा सहा मित्रांची फॅन्टसी बेसबॉल लीग बावीस वर्षं जुनी. खेळाडू खरे, संघ आमचे फोनमधले; ते मैदानावर खेळतील तसे गुण आम्हाला. अदलाबदल करताना एकमेकांना गंडवायचं, यातच सगळी मजा.

ऑर्डवे हा आमच्यातल्या वेंडेलचा हुकमी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. जुलैत तो डेन्व्हर सोडून सिअ‍ॅटलच्या संघात गेला. डेन्व्हरच्या विरळ हवेत फटकावलेला चेंडू लांब उडतो, सिअ‍ॅटलला तो मैदानातच पडतो, म्हणजे पिचरचा फायदा. ऑर्डवेचा भाव दुप्पट झाला, आणि त्याच दिवशी वेंडेलनं तो मला देऊ केला. बदल्यात माझा राखीव कुणीही.

मी फोन केला. "खांदा गेलाय ना त्याचा?"

"घे रे. हंगाम संपेपर्यंत कुणीतरी त्याच्याकडे बघायला हवं."

"लबाडा, बावीस वर्षं ओळखतो तुला."

तो नुसता हसला.

चार दिवस मी ऑर्डवेचा एकेक चेंडू तपासला. खोट सापडेना, म्हणून संशय आणखीच वाढला. सौदा नाकारला.

पुढच्या शनिवारी वेंडेलला पुरून आलो. आजार त्यानं कुणालाच कळू दिला नव्हता. बोलता बोलता कळलं, त्यानं आम्हा पाचही जणांना आपला एकेक चांगला खेळाडू देऊ केला होता.

 

आम्ही पाचही जणांनी तब्येत तपासली, ती खेळाडूची.