कलाकाराची कल्पना

बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याची सावली डावीकडे पडली होती आणि त्याच्या मागच्या झाडाची उजवीकडे. दोघांमध्ये अंतर जेमतेम दीड फूट. म्हणजे त्या बागेला दोन सूर्य होते, आणि दोन्ही तिनेच उगववून ठेवले होते.

विक्री कार्यालयाच्या भिंतीवरचं ते बारा फुटी चित्र चार महिने येणारा-जाणारा प्रत्येक जण बघत होता. चूक कुणालाच दिसली नव्हती. तिलाही ती आज दिसली, कारण आज तिला खाली बघायचं नव्हतं. चित्राच्या बरोबर खाली, खुर्चीत, तोच म्हातारा करारनाम्याची पानं उलटत बसला होता. ते तिचे बाबा होते.

"काका, तुम्हाला आम्ही काय जागा दाखवणार! तुम्ही तर आमचे पोस्टर बॉय," विक्री व्यवस्थापक म्हणाला.

"बॉय कसला, एकाहत्तर संपली की हो," बाबा म्हणाले. पण खूश झाले.

घरं बांधून विकणाऱ्या या कंपनीची माहितीपत्रकं ती करायची. नऊ वर्षांत तिने साडेतीनशे झाडं लावली होती, नखात कणभरही माती न जाऊ देता. एका हॉटेलच्या फोटोतलं तळं उचलून चार ठिकाणी सोडलं होतं. सात पक्ष्यांचा एकच थवा तिच्या प्रत्येक इमारतीवरून उडवला होता. ते बिचारे नऊ वर्षांत कुठे टेकले नव्हते. खोली लहान दिसायला लागली की ती आतला पलंग लहान करायची. "बाई, तुमच्या पलंगावर झोपायचं तर माणसाने पाय घरी ठेवून यायचं का?" असं साइटवरच्या इंजिनियरने एकदा सगळ्यांसमोर विचारलं, तेव्हा सगळ्यांत मोठ्याने तीच हसली होती.

बाबा चित्रात आले ते व्यवस्थापकामुळे. विकत मिळणाऱ्या फोटोंमधले आजोबा त्याला पटेनात. "दात बघ त्यांचे. असे दात परवडणारा माणूस आपल्याकडे दोन खोल्या घेईल का?" मग तिने बाबांना घरातल्या स्टुलावर बसवलं, फोटो काढला, स्टूल पुसून टाकलं आणि खाली बाक सरकवला. बारकाईने पाहिलं तर ते बाकाच्या दोन बोटं वर बसलेले आहेत.

"अशा जागी बसायला मिळालं तर आणखी काय पाहिजे," चित्र बघून बाबा म्हणाले होते. ती थट्टा समजली. पण बाबा तिसऱ्या मजल्यावर राहत होते, लिफ्ट नव्हती, आणि जिन्यात त्यांना चार वेळा टेकावं लागायचं. महिन्याभरात त्यांनी राहत्या घराला गिऱ्हाईक शोधलं. काल तर घर देऊन टाकायचा शब्दही दिला.

बागेच्या जागी बाग होणार नव्हती. मंजूर नकाशात तिथे दुमजली पार्किंग होतं. तिला ते माहीत होतं. त्याच नकाशावर तर तिने गवत पसरलं होतं. बाबांना सांगायचं, हे तिने पहिल्याच दिवशी पक्कं केलं. मग त्यांचं ब्लडप्रेशर वाढलं, म्हणून राहिलं. मग ते उतरलं, तेव्हा उगाच पुन्हा वाढवायला नको म्हणून राहिलं. एकदा तिने सुरुवातही केली, "बाबा, ती बाग आहे ना..."

"काय सुरेख केली आहेस गं!"

आणि तिने, जमिनीत गडप व्हायचं सोडून, विचारलं होतं, "खरंच आवडली?"

आता तिचा सगळा भरवसा माहितीपत्रकाच्या तळाशी असलेल्या एका ओळीवर होता. साडेचार पॉइंटचं अक्षर, फिका करडा रंग. कुणाला वाचता येऊ नये म्हणून दोन्ही तिनेच निवडलेले. 'चित्र ही कलाकाराची कल्पना आहे. प्रत्यक्षात फरक असू शकतो.' बाबांनी उभा जन्म छापखान्यात प्रुफं तपासली होती. त्यांच्या नजरेतून अनुस्वार सुटायचा नाही. ते ही ओळ वाचतील, विचारतील, आणि आपल्याला फक्त मान हलवावी लागेल, असा तिचा हिशोब होता.

बाबा शेवटच्या पानाशी आले. त्यांनी पेनचं टोपण काढलं.

"बाबा, माहितीपत्रक नीट वाचलंत ना? अगदी खालपर्यंत?"

व्यवस्थापकाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"वाचलं की. भिंग लावून वाचलं," बाबा म्हणाले. "कलाकाराची कल्पना! तुला कलाकार म्हटलंय गं त्यांनी. छापून आलंय. मी ती ओळ कापून पाकिटात ठेवलीय."

"आणि पुढे? फरक असू शकतो, ते?"

"ते वाचूनच तर निर्धास्त झालो. कल्पना दुसऱ्या कुणाची असती, तर चार ठिकाणी चौकशी केली असती. ही तुझी आहे."

"वा, काका! काय बोललात," व्यवस्थापक म्हणाला आणि त्याने फुलीच्या खुणेवर बोट ठेवलं. "इथे करा. पूर्ण सही."

पेन कागदाकडे झुकलं. तिने सवयीने एखादं कारण शोधलं. सापडेना.

"पेन ठेवा, बाबा," ती म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा बराच मोठा निघाला. "तिथे पार्किंग होणार आहे. त्या अख्ख्या चित्रात खरे तेवढे तुम्ही आहात."