साक्षीदार नको

रात्रभर पाऊस कोसळून डोंगरातल्या पायवाटेचा नुसता राडा झाला होता. अशा वाटेवर सायकल चालवताना जो आधी पडेल, त्याने सगळ्यांच्या सायकली धुवायच्या, हा तिघा दोस्तांचा नियम. पावसाळा लागल्यापासून दर रविवारी हेरंबच धूत आला होता. आज तो मुद्दाम मागे राहिला, म्हणजे पडलोच तर साक्षीदार नको.

करवंदीच्या जाळीपाशी चाक घसरलं आणि स्वारी चिखलात आडवी झाली. बघायला होती फक्त एक म्हैस, आणि ती चहाडी करणाऱ्यातली दिसत नव्हती.

पुढे ओढा, ओढ्यापलीकडे डांबरी रस्ता. हेरंबने ओढ्यात कपडे चोळले, हेल्मेट विसळलं, सायकल तर घासून लख्ख केली. मग शीळ घालत रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर पोचला. "पडलं का रे कोणी?" त्याने साळसूदपणे विचारलं.

मुकुल आणि शलाका बाकावर बसले होते, चाकांनी उडवलेल्या चिखलाने भुवयांपर्यंत माखलेले. दोघांनी त्याच्या चकचकीत सायकलीकडे पाहिलं, मग एकमेकांकडे.

शलाकाने शांतपणे चहाचा घोट घेतला. "एक तर धुऊन झालीय," ती म्हणाली. "आता आमच्या दोन घे."