मागची दोन चाकं

"धरलंत का?" मिस्त्रीणबाईंनी गाडीच्या अलीकडून विचारलं.

"धरलंय. ओढ तू."

जुनी गाडी मागून स्टँडवर चढवलेली, गिअर न्यूट्रलमध्ये, दोन्ही मागची चाकं अधांतरी. पलीकडचं चाक मिस्त्रींनी दोन्ही हातांनी धरलं होतं. अलीकडच्या चाकाच्या मधल्या नटावर बाईंनी लांब दांड्याचा पाना चढवला होता. दोन चाकांच्या मधोमध ती पेटी, डिफरन्शियल. साधी नव्हे. हिच्या पोटात पातळ प्लेटा असतात. एक चाक चिखलात नुसतं गरगरायला लागलं तरी त्या दुसऱ्याला वाऱ्यावर सोडत नाहीत. मिस्त्रींनी प्लेट न् प्लेट बदलून ती नव्यानं बांधली होती. परीक्षा सोपी. एकानं एक चाक घट्ट धरायचं, दुसऱ्यानं दुसरं ओढायचं. फिरलं तर प्लेटा ढिल्या, काम पाण्यात. अडलं तर काम पक्कं.

बाईंनी पाना ओढला. ब्रेकचे पट्टे नवे होते, ड्रमला चांगलेच घासत होते. चाक घासत घासत, पण फिरलंच.

"सुटलं," मिस्त्री म्हणाले. "प्लेटा सरकतायत. पुन्हा उघडावी लागणार."

थोरला दारातच उभा होता. "बाबा, एकदा उघडून झालीय. तेव्हाही हेच म्हणालात. दुपारी मालक येतोय गाडी बघायला. नसेल जमत तर पेटी मी दुसऱ्या वर्कशॉपला देतो, त्यात काय एवढं?"

"दे की," बाई म्हणाल्या. "बापालाही दे तिच्यासोबत बांधून. ठेवतील तिकडे कपाटात."

"आई, मी काय वाईट बोललो?"

"तू कशाला वाईट बोलशील? तू केसानं गळा कापतोस. जा, चहा टाक. तेवढा तरी उतू घालवू नकोस."

थोरला गेला. त्याचं चुकत नव्हतं, म्हणूनच बाईंचा पारा जास्त चढला होता. पेटी एकदा दुसऱ्याच्या टेबलावर गेली की ह्या माणसाच्या हातात कुणी पुन्हा काम देणार नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं. आजारातून उठल्यापासून मिस्त्रींना शर्टाची बटणंसुद्धा दाद देत नव्हती. प्लेटा मात्र त्यांनी कुणाला शिवू दिल्या नाहीत. एकेक तेलात बुडवून, बोटानं चाचपून, आपल्या हातानं रचल्या. बोल्ट तेवढे बाईंनी आवळले, त्यांच्या शिव्या खात आणि दुप्पट परत करत.

"अजून एकदा बघू," बाई म्हणाल्या. "आणि ह्या वेळी धरा नीट. चाक आहे ते, नव्या नवरीचा हात नव्हे."

"जन्म गेला माझा चाकं धरण्यात. मला शिकवतेस?"

"शिकवून शहाणे होणारे असतात तर कधीच शिकवलं असतं."

पलीकडून हसल्याचा आवाज आला, मग खोकल्याचा.

बाईंनी पाना ओढायला घेतला आणि ओढता ओढताच गुडघ्यावर बसून, मान वाकडी करून गाडीखालून पाहिलं. मिस्त्रींचे हात दिसले. बोटं पांढरी पडेपर्यंत आवळलेली होती आणि टायर त्यांच्यातून सरकत चालला होता. सावकाश, बाईंच्या चाकाच्या बरोबरीनं, त्याच दिशेला.

प्लेटा ढिल्या असत्या तर ते चाक जागचं हललंही नसतं. पेटीत काही खोट नव्हती. मिस्त्रींनी ऐन उमेदीत बांधलेल्या पेट्यांहून ती तसूभरही कमी नव्हती.

"सुटलं," मिस्त्री म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "मी धरलं होतं चांगलं. प्लेटाच खराब आल्यात, दुसरं काय."

बाईंच्या जिभेवर उत्तर तयार होतं. त्या जिभेनं आजवर ना व्याह्यांची भीड ठेवली होती, ना गिऱ्हाइकांची, ना डॉक्टरची. बाईंनी फडकं घेतलं. हात पुसले. पुसून झालेले पुन्हा पुसले.

"तुम्हाला धरायला बसवलं हीच चूक," त्या म्हणाल्या. "धरायला काय अक्कल लागते? ते काम माझं. बांधणाऱ्यानं ओढून बघावं. या इकडे."

मिस्त्री गाडीला हात टेकत वळसा घालून आले. बाई दुसऱ्या बाजूनं गेल्या. वाटेत एकमेकांसमोर यावं लागलं नाही.

थोरला कप घेऊन दारात आला, तो वडिलांच्याच बाजूला. "उभा राहा तिथं," बाई पलीकडून म्हणाल्या. "डोळे उघडे ठेवून बघ. नंतर म्हणशील, कुणी दाखवलं नाही."

त्यांनी गुडघे टेकले, टायर छातीशी घट्ट घेतला. "ओढा!"

नटावर पाना करकरला. मिस्त्रींचा श्वास गाडीखालून ऐकू येत होता. बाई हिसक्याची वाट पाहत राहिल्या. टायरमधून हातापर्यंत काहीच पोचलं नाही. त्यांनी बोटं थोडी सैल केली. मग आणखी. मग एक हात काढून घेतला.

"जोर लावा की! जेवला नाहीत का?"

"लावतोय की गं. सगळा लावतोय."

बाईंनी दुसराही हात काढला. चाक होतं तिथंच राहिलं, नुसत्या ब्रेकच्या पट्ट्यांनी अडलेलं.

"अडलं!" मिस्त्री ओरडले. "बघितलंस रे? इकडचं तिकडे होत नाही! म्हणे दुसरीकडे नेतो!"

"पक्कं आहे, बाबा," थोरला म्हणाला. "कुठं न्यायची नाही आता. चहा घ्या."

"थांब जरा." मिस्त्रींना धाप लागली होती. "अगं, तू धरलंयस ना पण? नीट धरलंयस ना?"

"धरलंय," बाई म्हणाल्या आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून घेतलं.