जोडीदाराचा दवाखाना

“मालक रोजंदारीवाल्यांना दवाखान्याचा खर्च द्यायला तयार नाही,” मिस्त्री म्हणाला. “पगारवाढ देतो म्हणतो, ओव्हरटाइमला दुप्पट देतो म्हणतो, कानात घालायचे बोळेसुद्धा देतो म्हणतो. पण दवाखान्याचं नाव काढलं की टेबलावरून उठतो.”

ताईने हातातली फळी पालथी केली. “म्हणजे माझं ऑपरेशन गेलं.”

“गेलं असंच समजा.”

सॉ मिलच्या मागच्या शेडमध्ये दोघं उभी होती. मिस्त्री मोठ्या करवतीवर होता, कायम नोकरीत. नव्या करारासाठी मालकाशी बोलणी करणाऱ्या युनियनच्या माणसांतही तो होता. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी. ताई रोजंदारीवर. कापून आलेल्या फळ्यांतल्या गाठी आणि चिरा बघून चांगल्या मालाचा ढीग वेगळा, खराब मालाचा वेगळा, हे तिचं काम. तिने लग्न केलं नव्हतं. सगळ्या मिलची ती ताई होती. एकटा मिस्त्री तेवढा तिला ‘बाई’ म्हणायचा, आणि हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असं मुळीच नाही.

गेल्या वर्षी तिने त्याला हळूच सांगितलं होतं, डोळ्यांपुढे धुकं येतं. मोतीबिंदू. मुकादमाला कळलं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील. तेव्हापासून मिस्त्री रोज चहाच्या सुट्टीत मागच्या शेडमध्ये यायचा. ती बोटं फिरवून काही फळ्या बाजूला काढायची, तो निरखून सांगायचा. चहाही मग दोघांचा तिथेच व्हायचा. वर्षभरात तिच्या ढिगातली एकही फळी गिऱ्हाइकाकडून परत आली नाही. आपल्यामुळे या बाईची नोकरी टिकली, याचा मिस्त्रीला मनातून फार अभिमान होता.

जन्मभर करवतीसमोर उभा राहिलेला हा माणूस आता हातातली टोपी उगाच फिरवत होता.

“एक उपाय आहे,” तो म्हणाला. “जुन्या करारातलंच कलम आहे. कायम कामगाराच्या जोडीदाराला दवाखाना फुकट. ऑपरेशनसकट.”

“मग?”

“मग... मी कायम आहे.”

ताई फळीवरचा भुसा झटकत राहिली. भिंतीपलीकडे करवत चालू होती.

“कागदापुरतं हो,” मिस्त्री घाईने म्हणाला. “सही करायची, डोळे करून घ्यायचे. मागाहून तुम्ही तुमच्या घरी, मी माझ्या. माझा काही आग्रह नाही.”

“नाही ना?”

“छे!”

“बघते विचार करून,” असं म्हणून ती फळ्यांकडे वळली. विचार करायला तिला चहा संपेपर्यंतचा वेळ पुरला.

मिस्त्रीने लेकीला फोन केला. कागदापुरतं आहे, हे त्याने तिला इतक्यांदा बजावलं की शेवटी ती म्हणाली, “बाबा, कागदापुरतं आहे तर कुठला शर्ट घालू हे मला का विचारताय?”

रजिस्ट्रारच्या कचेरीत साक्षीदार म्हणून युनियनचा सेक्रेटरी आला होता. एरवी सभेत तास तास बोलणारा माणूस, त्या दिवशी ओठ दाबून नुसता हसत होता.

दवाखान्याला पत्ता एकच दाखवायला हवा, म्हणून ताई बॅग घेऊन मिस्त्रीच्या घरी राहायला आली. आतली खोली तिची, बाहेरची त्याची. घरात पुन्हा दोन कप दिसायला लागले. मिलचा भोंगा झाल्यावर फाटकापाशी गप्पा मारत उभा राहणारा मिस्त्री आता सगळ्यांच्या आधी रस्त्याला लागायचा, आणि मागून टोमणे यायचे. ऑपरेशनची तारीख घ्यायला हवी, असं तो अधूनमधून म्हणायचा. “आधी करार तर होऊ दे, तुम्हाला सवड कुठे आहे,” असं ती म्हणायची. तो फारसा रेटायचा नाही. डोळे बरे झाले की ती जाणार, हे त्यानेच तर ठरवून दिलं होतं.

करार झाला. सेक्रेटरीने ओंडक्यांच्या ढिगावर चढून तो सगळ्यांना वाचून दाखवला. पगारवाढीला टाळ्या पडल्या, ओव्हरटाइमला शिट्ट्या.

“आणि रोजंदारीवरच्या प्रत्येकाला स्वतःचा दवाखाना, ऑपरेशनसकट!” सेक्रेटरी ओरडला. “हे कलम आपल्या मिस्त्रीने टेबल ठोकून मिळवलं, तेही बोलणी सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात. सह्या होईपर्यंत बाहेर बोलायचं नव्हतं, म्हणून गप्प होतो!”

सगळ्या माना मिस्त्रीकडे वळल्या. मिस्त्री पायांखालचा भुसा बघत होता.

दोघं घरी पोचली.

“पहिल्याच आठवड्यात,” ताई दार लावत म्हणाली.

“हो.”

“म्हणजे शेडमध्ये मला सांगितलंत, त्याच्या आधी.”

“आदल्या दिवशी.” मिस्त्री खुर्चीच्या टोकावर बसला. “खोटं बोललो मी. सरळ विचारायची छाती झाली नाही. तुम्ही नाही म्हटलं असतं तर रोजचा चहाही गेला असता.” त्याच्या हातातली टोपी पुन्हा फिरू लागली. “आता दवाखाना तुमच्या नावावर आहे, माझी काही गरज नाही. उद्याच तारीख घेतो. ऑपरेशन होईपर्यंत राहा, मग तुमची बॅग मी स्वतः पोचवतो.”

बाहेर अंधारून आलं होतं. ताईने खुंटीवरचा त्याचा कामाचा शर्ट ओढून घेतला. त्याचं वरचं बटण तुटलं होतं.

“कसलं ऑपरेशन?” ती म्हणाली, आणि दिवा न लावताच तिने पहिल्याच फटक्यात सुईत दोरा ओवला.