टाकीचा चढ

गाडीचा तिसरा प्लग काही केल्या निघेना, तेव्हा अण्णांनी पाना सुनेच्या हातात दिला आणि आपण दमलेलो नसून तिला शिकायची संधी देत आहोत, असा चेहरा करून ते बाजूला सरले.

सुनेने पान्यावर सगळा भार टाकला. प्लग करकरला आणि सुटला. टोक काजळीने माखलं होतं.

"हा बघ चोर," अण्णा म्हणाले.

चोर निघाला याचा आनंद सुनेलाच जास्त झाला. तिला मुळात बंद वस्तू आवडत नसत. माहेरी तिने रेडिओ, इस्त्री आणि एकदा आजोबांचं श्रवणयंत्र उघडून पाहिलं होतं. पैकी रेडिओ परत लागला.

अण्णांच्या गाडीने गेले काही महिने मान टाकली होती. पूर्वी पाण्याच्या टाकीचा चढ ती हसतखेळत चढायची. हल्ली अर्ध्यावर धापा टाकत थांबे आणि मागचे लोक हॉर्न वाजवून अण्णांच्या सात पिढ्यांची चौकशी करत. शेवटी जेवताना चिरंजीवांनी निकाल दिला. रविवारी तिघांनी बसून जायचं. गाडी एका दमात टाकीपर्यंत चढली तर राहील, नाही तर भंगारवाल्याला फोन. चिरंजीव कचेरीत इतरांच्या कामाचं मूल्यमापन करत, त्यामुळे घरी आल्यावरही त्यांना एकदम थांबता येत नसे. फाटकाच्या खांबाला गाडी घासली होती, तोही विषय त्यांनी काढला. दोष गाडीचा की आणखी कशाचा, ते एकदा कळलेलं बरं, असं ते ताटाकडे बघत म्हणाले.

अण्णांनी पाणी मागितलं.

गाडी गेली की अण्णांचं बाहेर पडणं गेलं, मग ते खिडकीत बसून दूधवाल्याच्या चुका काढणार, हे सुनेला लख्ख दिसत होतं. म्हणून रोज कचेरीतून आल्यावर ती चहाचा कप घेऊन सरळ शेडमध्ये जाऊ लागली.

एअर फिल्टर झटकला तर त्यातून अर्धा रस्ता बाहेर पडला. नवा बसवला. कार्बोरेटर पेट्रोलने धुतला. हवेची एक नळी चिरलेली सापडली, ती बदलली. नव्या प्लगची फट मोजायची वेळ आली तेव्हा अण्णांनी पोलादी पट्ट्यांची जुडी तिच्याकडे सरकवली. आकडे तूच वाच म्हणाले, हल्ली फार बारीक छापतात. आकडे चांगले ठसठशीत कोरलेले होते. पण सासऱ्यांशी छपाईवरून वाद घालण्यात काही राम नव्हता.

सगळं जोडून झालं आणि गाडी सुरू केली, तर इंजिन शिलाई मशीनसारखं एका लयीत चालू लागलं. सुनेने बॉनेटवर तळहात ठेवला. कुठे थरथर नाही, ठेच नाही. ती भलतीच खूश झाली.

रस्त्यावर मात्र गाडी पुन्हा मरगळली.

हे कोडं सुनेला जेवू देईना. शेडमध्ये गुणी आणि चढावर मठ्ठ, असं इंजिन तिने ऐकलं नव्हतं. आपण चालवून पाहावी असं तिला फार वाटे. लायसन्सही होतं. पण ती गाडी अण्णांशिवाय कोणी चालवायची नाही, हा घरचा नियम होता आणि तो चिरंजीवांनीसुद्धा कधी मोडला नव्हता. तेव्हा ती शेजारच्या सीटवर बसे आणि कान टवकारून ऐके. एकदा रिकाम्या चौकात अण्णा बराच वेळ थांबून राहिले. जाऊ दे बिचाऱ्याला, असं काहीसं पुटपुटले. सुनेला कोणी दिसलं नाही. पण अण्णांचं सौजन्य पूर्वीपासून असंच सढळ होतं. परतताना जळकट वास आला. नव्या नळीचं रबर असेल, असं अण्णांनी सांगितलं.

"इंजिन तर ठणठणीत आहे, अण्णा. मग ताकद जाते कुठे?"

"वय झालं की ती कुठे जाते, ते डॉक्टरांनाही कळत नाही."

शनिवारी तिने प्लग पुन्हा काढले, पुन्हा मोजले, पुन्हा बसवले. अण्णा शेडच्या दारात स्टूल टाकून बघत होते. बास झालं आता, एवढं नको करूस, असं ते दोनदा म्हणाले. तिला ती माया वाटली.

रविवारी अण्णा स्टिअरिंगवर, सून शेजारी आणि चिरंजीव मागे हाताची घडी घालून. वळण घेऊन गाडी चढाला लागली. इंजिनाने असा खणखणीत सूर धरला की सुनेला मागे वळून नवऱ्याचा चेहरा बघावासा वाटला. तेवढ्यात गाडी मंदावली. इंजिन गुरगुरत होतं आणि चाकं रखडत होती. तोच जळकट वास पुन्हा आला. मागून चिरंजीवांचा मोठा सुस्कारा ऐकू आला.

आवाज नेमका कुठे अडतोय, ते ऐकायला सून डॅशबोर्डखाली वाकली.

अण्णांच्या उजव्या पायाने ॲक्सिलरेटर पार खाली दाबला होता. डावा पाय तेवढ्याच जोराने ब्रेकवर होता.

ती हळूच सरळ झाली. अण्णा समोर बघत होते.

"मला समोरचं नीट दिसत नाही गं," ते तिच्यापुरत्या आवाजात म्हणाले. "गाडीचं वय झालं, एवढंच कळू दे त्याला."

गाडी हिसका देऊन बंद पडली. काय झालं, असं चिरंजीवांनी मागून विचारलं.

"तुझंच खरं," सून मागे वळून म्हणाली. "गाडीतच दम नाही."