आतली पट्टी

जावयाने खडूने बोनेटवर काचेलगत दोन चौकोन काढले. "इथे कापा," तो म्हणाला.

गाड्यांचा पत्रा ठोकून सरळ करणाऱ्या त्याच्या डेंटर सासऱ्याने ओल्या फडक्याने ते पुसून टाकले.

"काचेपाशी वाऱ्याचा दाब असतो. इथे कापलं तर हवा आत घुसेल, बाहेर पडणार नाही. इंजिन आणखी तापेल." रेडिएटरच्या लगेच मागे त्याने स्वतःच दोन लांबट खाचा आखल्या. "गरम हवा इथून बाहेर ओढली जाते. एवढंही ठाऊक नाही, आणि शर्यतीत उतरता?"

"ठाऊक नाही म्हणून तर आलो."

"गावात दुसरी गॅरेजं नाहीत?"

जावयाने खडू खिशात टाकला. लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि सासऱ्या-जावयाचं एवढं लांबलचक बोलणं हे पहिलंच. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर उभं राहायचं आणि सुट्टीच्या दिवशी गाड्या पळवायच्या, अशा माणसाशी मुलीने लग्न केलं, तेव्हा डेंटरने तिला सांगितलं होतं, "तू कधीही ये. त्याला माझ्या दारात आणायचं नाही."

गेल्या महिन्यात आजारी मावशीला बघायला मुलगी दवाखान्यात आली होती. उशी सरकवताना तिची बाही वर गेली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी भाजून लालकाळी झाली होती. "दूध उतू गेलं, बाबा," ती म्हणाली आणि तिने बाही खाली ओढली. डेंटरची तीस वर्षं आगीशेजारी गेली होती. उतू गेलेलं दूध कोपरापर्यंत चढत नाही. समोरून कुणीतरी उकळतं पाणी फेकावं, तसे ते डाग होते. तो घरी बायकोलाही काही बोलला नाही. पण तेव्हापासून जेवायला बसलं की तो हात डोळ्यांसमोर यायचा आणि तो ताट बाजूला सारायचा.

आणि आज हा माणूस आपल्या पायांनी चालत आला होता.

"रविवारी घाटातली शर्यत आहे," जावई म्हणाला. "मागच्या वेळी अर्ध्यावरच इंजिन तापलं."

"संध्याकाळी न्या."

जावई रंग आणायला गेला. डेंटरने बोनेट उतरवून घोडीवर उलटं ठेवलं. लॉकजवळून एक आडवी पट्टी जात होती. वरच्या पातळ पत्र्याला आणि लॉकच्या खटक्याला तिचाच आधार. खाचा चार बोटं मागे घेतल्या असत्या तर ती वाचली असती. पट्टीला टेकवलेला ग्राइंडर त्याने एकदा बंद केला. मग पुन्हा चालू केला.

पट्टी दोन ठिकाणी तुटली. वरून खाचांवर त्याने जाळी इतकी सुबक बसवली की आतलं काही दिसेना. गावात फिरताना कधीच कळलं नसतं. घाटातल्या उतारावर, पूर्ण वेगात, बोनेट लॉकपासून सुटून थेट काचेवर आपटलं असतं.

संध्याकाळी जावयाने जाळीवरून हात फिरवला. "सुरेख झालंय," तो म्हणाला. त्याने किल्ली घेतली.

डेंटर साबणाने हात धूत होता. याला जाण्याआधी कळलं पाहिजे, असं त्याला वाटलं. "तिच्या हाताचे डाग मी बघितलेत," तो मागे न वळता म्हणाला.

जावयाने मान खाली घातली. "मी तिला सांगत होतो, बाबांपासून लपवू नकोस. गाडी तापून बंद पडली, आणि हिने घाईघाईत रेडिएटरचं झाकण उघडलं. उकळतं पाणी उसळून हातावर आलं."

"शर्यत तुमची आणि झाकण तिने उघडायचं?"

"माझी कसली शर्यत? मी शेजारी बसून पुढची वळणं वहीतून वाचून सांगतो. गाडी ती चालवते."

नळ वाहत राहिला. जावई गाडीत बसला, इंजिन सुरू झालं. तेव्हा डेंटर ओल्या हातांनी धावत गाडीसमोर आला आणि त्याने दोन्ही तळवे बोनेटवर दाबले.

"उतर." आजवर तो जावयाला तुसडेपणानेही 'तुम्ही'च म्हणत आला होता. "बंद कर आणि उतर."

"आता काय झालं?"

"आतली पट्टी कापलीय मी. चुकून नाही."

जावयाने उतरून बोनेट उघडलं. खाली वाकून पट्टीच्या तुटक्या कडेवरून बोट फिरवलं. कुठला भाग कशासाठी असतो, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"चालवणारा मी आहे असं समजून?"

"मला वाटलं, तिचा हात तू भाजलास."

"विचारायचं होतं मग. मला नाही, तिला तरी."

जावयाच्या खिशातला फोन वाजला. त्याने बायकोचं नाव बघितलं, फोन उचलला आणि सासऱ्यासमोर धरला.

"मी बोलतोय," डेंटर म्हणाला.

पलीकडे मुलगी हसली, लहानपणी हसायची तशी.

"म्हणजे कापलंत तुम्ही? मीच त्याला पाठवलं, बाबा. म्हटलं, दुसऱ्या कुणाच्या हातात बोनेट देऊ नकोस. तुम्ही कापलेलं असलं की मला बोनेटकडे बघायचंच कारण नाही, मी फक्त रस्ता बघेन."